वापरलेली प्रोफेशनल पॉवर टूल्स: घ्यावीत का, आणि घेताना बघायचं काय?

फणसाचा_गरा

नमस्कार मंडळी. मी कुडाळचा. नोकरी वेगळीच आहे, पण गेली दोन वर्षं घरामागच्या मांगरात हौसेचं सुतारकाम चालू आहे. आजोबांच्या वेळच्या फणसाच्या फळ्या माळ्यावर पडून होत्या, त्यातून दोन पाट आणि एक तिरकं झालेलं टेबल निघालं. टेबल बायकोने तुळशीपाशी ठेवलंय, म्हणजे घरात घेतलेलं नाही.

आता मूळ मुद्दा. कोल्हापुरातले एक फर्निचर कॉन्ट्रॅक्टर धंदा आवरतायत. मुलाला त्यात यायचं नाही. त्यांच्याकडे आहे ते असं: मकिताचा १० इंची मायटर सॉ (फळी हव्या त्या कोनात कापायची करवत, एलएस १०४०), मकिताचाच ३७०९ ट्रिमर (लाकडाच्या कडा घडवायचं छोटं मशीन), हिताचीचा १२ मिमी कोलेटचा (बिट धरणाऱ्या पकडीचा) राउटर, म्हणजे लाकडात खाचा पाडायचं मशीन, बॉशचा जीबीएच २-२६ हॅमर (ठोकत भोक पाडणारं ड्रिल), दोन ४ इंची ग्राइंडर आणि १८ व्होल्टचं कॉर्डलेस ड्रिल, दोन बॅटऱ्यांसकट. सगळ्याचे मिळून २८ हजार म्हणतायत.

मागच्या वर्षी एका बाजारातून ९०० रुपयांना ग्राइंडर घेतला होता. तिसऱ्या दिवशी मांगरात धूर, आणि शेजारचे काका घागर घेऊन धावत आले. त्यामुळे हात पोळलेले आहेत. जाताना काय बघू? शिवाय न्यू जर्सीचा आतेभाऊ दिवाळीला येतोय. "इथे गराज सेलमध्ये मातीमोल मिळतं, आणू का?" असं विचारतोय. ते कसं?

पेठेतला_पाहुणा

नवीन घ्या. पक्कं बिल, वॉरंटी, झोप शांत. रविवार पेठेत बोहरी आळीत चार दुकानं फिरलात तर भावही बरा मिळेल. दुसऱ्याने पिळून टाकलेलं मशीन घेण्यात काय शहाणपण, हे मला आजवर समजलेलं नाही.

कार्बन_ब्रश

पाहुणे, नवीन घेणाऱ्याने नवीनच घ्यावं, पण हे असं सरसकट नका सांगू. भोसरीत बावीस वर्षं माझं मशीन रिपेअरिंगचं दुकान आहे. घरगुती वर्गातलं नवंकोरं ड्रिल चार महिन्यांत माझ्या टेबलावर आलेलं पाहिलंय, आणि एकाच मिस्त्रीने चौदा वर्षं वापरलेला हॅमर अजून भिंती फोडताना पाहतोय. प्रोफेशनल मशीन उघडून दुरुस्त करता येतं, त्याचे पैसे असतात. कार्बन (फिरत्या भागाला वीज पोचवणारे ब्रश), बेअरिंग, स्विच, आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग), फिल्ड (त्याभोवतीची स्थिर गुंडाळी), सगळं सुटं मिळतं. स्वस्त मशीनचा गिअर तुटला की मशीन भंगारात.

फणसराव, मशीन बघण्याआधी ते कुणाच्या हातात होतं ते विचारा. भाड्याने फिरलेलं मशीन फुकट मिळालं तरी घेऊ नका. भाड्याच्या मशीनला ग्रीस कोण लावणार? घेणारा आठ तासांचं काम पाच तासांत उरकतो आणि गरम मशीन पोत्यात टाकून परत देतो. एका हातातलं मशीन वेगळं. मिस्त्री आपल्या मशीनची वायर कशी गुंडाळतो ते बघा. कोपराला पीळ देऊन आवळलेली असेल तर आतही तोच कारभार समजा.

आता तपासणी. जाताना एक स्क्रू ड्रायव्हर, एक विटेचा तुकडा, टॉर्च आणि सिरीज लॅम्प न्या.

आधी बंद मशीन नाकाला लावा. हसू नका. मोटरच्या तारांवरच्या जळालेल्या वार्निशचा वास वर्षभर जात नाही. तेच वार्निश ताजं, गोडसर वास येत असेल तर रिवाइंडिंग करून, म्हणजे तार नव्याने गुंडाळून आणलेलं आहे. रिवाइंडिंग वाईटच असं नाही, पण हाताने वाइंड केलेलं आर्मेचर बॅलन्स केलेलं नसलं तर थरथरतं आणि बेअरिंग खातं. मग डोक्याचे स्क्रू बघा. खाचा चावलेल्या असतील तर तीन-चारदा उघडून झालंय. का उघडलं ते विचारायचं आणि उत्तर देताना माणसाचं तोंड बघायचं.

शाफ्ट हाताने वरखाली आणि आडवा हलवा. टकटक लागली की बेअरिंग गेलं. बेअरिंग स्वस्त असतं, पण गेलेल्या बेअरिंगवर मशीन बरेच दिवस चाललं असेल तर आर्मेचर आत फिल्डला घासलेलं असतं. तिथे पैसे जातात.

कार्बन बाहेर काढा. बऱ्याच मशीनला बाजूला टोपण असतं, नाण्यानेही उघडतं. कार्बनवर झिजण्याची रेघ असते, तिथपर्यंत आला असेल तर बदलायचा, दोन्ही एकदम. जोडीतला एक लांब आणि एक आखूड असेल तर मालकाने एकच बदललाय, म्हणजे जुगाडू. कार्बनचं तोंड आरशासारखं गुळगुळीत हवं. कडा तुटलेल्या, तोंडावर चरे, असं दिसलं तर खालचा कम्युटेटर (आर्मेचरवरचं तांब्याच्या पट्ट्यांचं कडं, ज्यावर कार्बन घासतो) खराब आहे.

मग चालू करा आणि हवा खायच्या जाळीतून अंधारात आत बघा. कार्बनखाली बारीक निळसर ठिणग्या उडणारच, ते चालतं. पण ठिणग्यांची माळ कम्युटेटरभोवती पूर्ण गोल फिरत असेल तर बंद करा, नमस्कार करा, घरी या. ते आर्मेचर गेलं. तुमचं ९०० वालं तेच असणार.

फणसाचा_गरा

काका, दंडवत. माळच होती ती! मला वाटलं पॉवरफुल आहे म्हणून एवढ्या ठिणग्या. सिरीज लॅम्प कसा वापरू?

कार्बन_ब्रश

बोर्डावरून येणाऱ्या फेजमध्ये १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब घ्यायचा आणि त्यातून पुढे मशीन. एलईडी चालणार नाही. मशीनचा स्विच दाबला की बल्ब पेटायला हवा. अजिबात पेटला नाही तर कुठेतरी तुटलंय: वायर, स्विच, कार्बन, काहीही. आता खरी गंमत. स्विच दाबून धरा आणि हाताने चक सावकाश फिरवा. बल्ब एकसारखा राहिला तर बरं. फिरवताना ठरावीक जागी डोळा मिचकावला तर आर्मेचरची एखादी पट्टी तुटलेली आहे. ग्राइंडरला आणि साध्या ड्रिलला हे छान जमतं. स्पीड रेग्युलेटर असलेल्या मशीनला इलेक्ट्रॉनिक्स मध्ये असतं, तिथे बल्ब फसवतो.

शेवटी सिरीजची एक वायर प्लगच्या पिनेला आणि दुसरी गिअरच्या धातूच्या डोक्याला. बल्ब नुसता लाल जरी झाला तरी ते मशीन नको. हे करताना पायात चप्पल, हात कोरडे, आणि पोरंबाळं लांब.

शॉर्टसर्किट

भर घालतो. मशीनच्या पाटीवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल तर ते डबल इन्सुलेटेड आहे, त्याला दोनच तारा असतात, अर्थिंग नसतंच. "अर्थिंग काढून टाकलंय" म्हणून घाबरू नका. जुनी धातूच्या बॉडीची मशीनं मात्र वेगळी. मुलुंडच्या राली वुल्फची ॲल्युमिनियमची ड्रिल्स अजून जुन्या बाजारात दिसतात. अमर आहेत, पण त्यांची तिसरी तार शाबूत असेल तरच हात लावा.

पंचगंगाकाठ

फणसभाऊ, कोल्हापूरला येताय आणि आम्हाला सांगत नाही व्हय? मी येतो बरोबर. उद्यमनगरात आपला एक वाइंडर आहे, गरज पडली तर जाग्यावर दाखवू.

आणि वुल्फचं नाव निघालंच तर आमच्या शिरोळच्या केपीटीचंही घ्या की. पूर्वीचं कुलकर्णी पॉवर टूल्स, १९७६ पासून. माझ्या वडलांच्या वर्कशॉपात त्यांचा ब्लोअर होता, मोल्डची माती उडवायला. फाउंड्रीतली बारीक वाळू खाऊन खाऊन चालला तो. वाळूवरनं आठवलं: फाउंड्रीतनं निघालेला ग्राइंडर स्वस्त मिळतो, घेऊ नका. ती वाळू वाइंडिंगचं वार्निश खरवडून काढते.

सुतारपक्षी

पुण्यात छोटं वर्कशॉप चालवते, लाकडाचंच. मला मायटर सॉबद्दल बोलायचंय, कारण त्याची मोटर सगळे बघतात आणि नेमकं मोजायचं ते कुणी मोजत नाही.

ब्लेड काढायला लावा. खालची फ्लँज (ब्लेड धरणारी चकती) घासलेली किंवा वाकडी असेल तर नवं ब्लेडही डुलणार. मग हँडल अर्धं खाली घेऊन डावीकडे-उजवीकडे हलवा. इथे ढिलाई असेल तर ती हँडल जिच्यावर फिरतं त्या खिळीची, आणि ती नीट काढणं अवघड. गुण्या लावून फेन्स (फळी टेकवायची मागची पट्टी) तपासा. बहुतेक जुन्या मशीनचा फेन्स पडून-आपटून किंचित वाकलेला असतो.

आता माझी लाडकी चाचणी. चारेक इंच रुंदीची, कडा सरळ असलेली फळी घ्या आणि ९० अंशांवर मधोमध कापा. डाव्या हाताचा तुकडा तसाच ठेवा, उजव्या हाताचा पालथा करा आणि दोन्हींची कापलेली तोंडं भिडवून फळीची कड एका सरळपट्टीला लावा. कोन चुकला असेल तर चूक दुप्पट होऊन फटीत दिसते. फटीत कागद जाईल एवढं चालतं, फेन्सचे बोल्ट सैल करून सुधारता येतं. पोस्टकार्ड जात असेल तर भाव पाडा.

राउटरचं कोलेट काढून आत बोट फिरवा. खरचटलेलं असेल तर बिट चालू मशीनमधून सरकतो. माझा एकदा सरकला होता. सागाच्या फळीत अर्धा इंच खड्डा, फळी गिऱ्हाइकाची. कोलेट नवं मिळतं, पण त्याचे पैसे आधी वजा करा. हिताचीचं नाव २०१८ मध्ये हायकोकी झालंय, तेव्हा सुटे भाग विचारताना दोन्ही नावं सांगा. नाहीतर काउंटरवरचा नवा मुलगा "कंपनी बंद झाली" म्हणून परत पाठवतो.

ग्राइंडर दोन आहेत म्हणालात. गार्ड (चकतीवरचं झाकण) आहेत का?

फणसाचा_गरा

फोटोत तरी गार्ड दिसत नाहीत, ताई.

सुतारपक्षी

मग त्यावर बहुतेक लाकूड कापायचं दातेरी ब्लेड चढवलेलं आहे. लाकूडकामवाले हा वेडेपणा सर्रास करतात. ४ इंची ग्राइंडर मिनिटाला ११ हजार फेरे घेतो, त्यावर दातेरी ब्लेड गाठीत अडकलं की मशीन अंगावर येतं. गार्ड नसेल तर मी घेत नाही. आणि चकत्या फुकट देतो म्हणाले तर मधल्या धातूच्या कड्यावरची तारीख बघा. राळेच्या चकत्या बनवल्यापासून साधारण तीन वर्षंच वापरायच्या असतात, त्यातून कोकणातल्या पावसाळ्यात ठेवलेल्या असतील तर सरळ फेकून द्या.

हडसनकाठी

आतेभावाला थांबवा! मीही न्यू जर्सीत, आणि ही चूक करून बसलोय. इथून १० इंची मायटर सॉ बाबांसाठी साताऱ्याला नेला. इथला वीजपुरवठा १२० व्होल्ट, तिथे २३०. मी ट्रान्सफॉर्मरचं सांगून निघालो, पण मामाने प्लग बदलला आणि थेट लावला. दोन सेकंद विमानासारखा आवाज, मग शांतता, मग वास.

कार्बनच्या मोटरला ५० की ६० हर्ट्झ याचं फारसं काही नसतं. व्होल्टेज मात्र मारतं. आणि १५ अँपिअरचं मशीन चालवायचं तर अडीच-तीन केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर लागतो, तो मशीनपेक्षा जड. कॉर्डलेस आणलं तरी इथला चार्जर १२० व्होल्टचाच. फक्त मशीन आणायचं आणि चार्जर तिथला घ्यायचा, तर जमतं. इथे डिवॉल्टवर २० व्होल्ट लिहिलेलं असतं, ते बाकी जगातलं १८ व्होल्टच आहे. कागदोपत्री मोठेपणा.

बॅटरी विमानात हातातल्या सामानात, टर्मिनलला टेप लावून. १८ व्होल्ट ५ एएच (अँपिअर-अवर) म्हणजे ९० वॉट-अवर, १०० च्या आत बसते. मशीन मात्र चेक-इनमध्ये.

म्युनिकवासी

आमच्याकडचं बरं आहे: २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, प्लग बदलला की झालं. इथे जुन्या हॅमरचा आणि सँडरचा बाजार मोठा आहे. मी भावासाठी नाशिकला एक निळा बॉश नेला. निळा म्हणजे प्रोफेशनल, हिरवा म्हणजे घरगुती, आणि दोघांच्या १८ व्होल्टच्या बॅटऱ्या एकमेकांत बसत नाहीत हे घेण्याआधी लक्षात ठेवा. पाटीवरचा दहा आकडी नंबर कंपनीच्या साइटवर टाकला की सुट्या भागांचा पूर्ण नकाशा निघतो. ज्या मशीनची पाटीच खरवडलेली आहे त्याकडे मी दुसऱ्यांदा बघत नाही.

एक फसगत: युरोपातल्या मायटर सॉला ३० मिमी भोकाचं ब्लेड लागतं, आपल्याकडे दुकानात सर्रास २५.४ चं मिळतं.

साइटवरचा_माणूस

पाटी खरवडलेली का असते ते मी सांगतो. मी ठाण्यात छोटी कामं घेतो. गेल्या वर्षी साइटवरून एका रात्रीत तीन मशीनं गेली. दोन माझी होती, एक टाइल्सवाल्या पोराची. माझं सोडा. त्या पोराने मार्बल कटर हप्त्याने घेतलेला, चार हप्ते बाकी होते. कटर नाही म्हणून आठवडाभर तो दुसऱ्याच्या हाताखाली माल कालवत होता. पुढे आठवड्याच्या बाजारात तसाच कटर दिसला, मुठीवर त्यानेच गुंडाळलेली हिरवी टेप. विकणारा म्हणे, "बिल दाखव."

तेव्हा "स्वस्त मिळालं" म्हणणाऱ्यांना एवढंच विचारतो, कुणाचं मिळालं? चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटण्याजोगं कारण असून घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली घेणाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कायदा राहू द्या. मशीनसोबत डबा, जादा मूठ, गेज, पाना असं काहीतरी असतं. चोर ते आणत नाही.

पेठेतला_पाहुणा

म्हणूनच म्हणालो होतो, नवीन घ्या.

कार्बन_ब्रश

पाहुणे, नवीन मशीनचंही एक उदाहरण सांगतो. "मकिता" असं लिहिलेलं, पाटीवरची अक्षरं बोटाने निघतात, वायरवर काहीही छापलेलं नाही, वजनाला हलकं. दुकानातून, बिलासकट, नवं घेतलेलं. असली महिन्याला दोन तरी येतात. नवं म्हणजे अस्सल नव्हे.

बॅटऱ्यांचं राहिलं. जुन्या कॉर्डलेसचा भाव बॅटऱ्या शून्य धरून करा. चालल्या तर तुमचं नशीब. १८ व्होल्टच्या पॅकमध्ये पाच सेल ओळीत असतात, पूर्ण चार्जला मीटरवर २१ च्या आसपास दिसतं. पण नुसतं व्होल्टेज बघून फसू नका, ते विश्रांती घेतलेल्या म्हाताऱ्यासारखं असतं. जाड स्क्रू लाकडात पिळायला लावा आणि तेव्हा काय होतं ते बघा. आणि बाजारात "४८ व्हीएफ", "८८ व्हीएफ" लिहिलेल्या बॅटऱ्या दिसतील. आत तेच पाच सेल, वर स्टिकर.

फणसाचा_गरा

मंडळी, रविवारी जाऊन आलो. फोंडा घाटातून सकाळी सातला, परत यायला रात्रीचे दहा. पंचगंगाकाठ बरोबर होते. तांबडा-पांढरा त्यांनीच खिलवला, त्यामुळे त्यांच्याबद्दल वाईट बोलणार नाही.

गोदामात मालक होते आणि त्यांचे जुने मिस्त्री होते. साठीचे असतील, कमी बोलणारे. मशीनं फळीवर ओळीने ठेवलेली, प्रत्येकाची वायर सैल आठच्या आकड्यात बांधलेली. कार्बन_ब्रश काका, तुमची आठवण आली.

हॅमरवर मी पहिली फजिती करून घेतली. बिट लावला तर तो चकमध्ये सेंटिमीटरभर आतबाहेर हलतोय. म्हटलं, चक ढिला. चालू केला तर नुसता फिरतोय, ठोकत नाही. मी पंचगंगाकाठांकडे बघितलं आणि हळूच म्हणालो, "गेलाय." मिस्त्रींनी ऐकलं. काही न बोलता माझ्या पिशवीतली वीट घेतली, जमिनीवर ठेवली आणि मशीन माझ्या हातात देऊन वरून नुसता तळहात टेकवला. धडधड धडधड, विटेचे दोन तुकडे. म्हणाले, "हवेत कशाला ठोकंल ते? दाबल्याबिगर ठोकत न्हाई. आन् बिट हलायलाच पायजे, घट्ट बसला तर मार कसा बसंल?" दोघंही ओशाळलो.

मायटर सॉची ताईंनी सांगितलेली पालथी चाचणी केली. दोन कागद जातील एवढी फट. मिस्त्रींनी ती स्वतः बघितली, खिशातून चावी काढली, फेन्सचे बोल्ट सैल केले, गुण्या लावला आणि पाच मिनिटांत सरळ करून दिला. मालक म्हणाले, "अहो, विकायचाच आहे आता." मिस्त्री म्हणाले, "मग वाकडा कशाला द्यायचा?"

ट्रिमर छान. राउटरचं कोलेट खरचटलेलं निघालं. ग्राइंडरचा एक बल्ब-चाचणीत डोळा मिचकावून गेला, दुसऱ्याला गार्ड नाही, दोन्ही सोडले. कॉर्डलेसच्या एका बॅटरीने चौथ्या स्क्रूला मान टाकली, दुसरी चार्जच घेईना. तेही सोडलं. मायटर सॉ आणि हॅमर यांची मूळ बिलं होती, एक २०११ चं, पुसट झालेलं. ट्रिमर आणि राउटरसाठी त्यांच्या लेटरहेडवर सीरियल नंबरसकट लिहून घेतलं. सगळं मिळून १९ हजार ५०० ला ठरलं.

आतेभावाला शेव्हिंग ब्लेड आण म्हणून कळवलंय.

सुतारपक्षी

अभिनंदन! राउटर कोलेट बदलेपर्यंत चालवू नका. आता ते तुळशीपाशी ठेवलेलं टेबल सरळ करा आधी.

साइटवरचा_माणूस

लेटरहेड घेतलंत ते बरं केलं. आता मशीनवर आपलं नाव कोरा, नुसत्या मार्करने नको.

फणसाचा_गरा

कोरतो. एक अडचण: ट्रिमरचा पाना डब्यात नाही. मिस्त्री म्हणाले होते की शोधून पार्सलने पाठवतो, पण त्यांना आता कुठे त्रास देऊ. कुठला लागतो?

कार्बन_ब्रश

३७०९ ला दहाचा आणि सतराचा, दोन लागतात. दहाने शाफ्ट धरायचा, सतराने नट. साधा फिक्स पाना चालतो, फक्त पातळ बघून घ्या, जाड तोंडाचा आत जात नाही. आणि बिट नसताना नट आवळू नका, कोलेट दबतं.

पेठेतला_पाहुणा

तो राउटर सोडला असतात तर बरं झालं असतं. असो. कोलेटचा भाव बोहरी आळीत विचारून ठेवतो, माझं तिकडे जाणं आहेच.